कमी नको, ऑफर सांगा

घरात पाऊल टाकल्यावर माणसं 'बरं हाय न्हवं?' असं विचारतात. आमचे दाजी 'केवढ्याला पडलं?' असं विचारतात. विचारताना त्यांची नजर तुमच्या तोंडाकडं नसते. ती नव्या चपलेवर असते, पंख्यावर असते, कुकरवर असते, काही नाही तर दारातल्या पायपुसण्यावर असते. तुम्ही आकडा सांगायचा. मग दाजी डोळे मिटतात, नाकाचा शेंडा दोन बोटांच्या चिमटीत धरतात, आत कुठंतरी वजाबाकी चाललेली असते ती संपवतात आणि सुतकातल्या आवाजात म्हणतात, "फसलासा, पाव्हणं."

ह्यातून सुटका नाही. मी एकदा साडेतीनशेची छत्री दीडशेला घेतली म्हणून खोटंच सांगितलं.

"कार्डावर घेतलासा की रोख?"

"रोख."

"मग फसलासाच."

दुसऱ्या वेळी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवल्यावर मी म्हटलं, हे लग्नात भेट आलंय, फुकट. दाजींनी नाक चिमटीत धरलं. "कुणाच्या घरनं? त्यांच्या लग्नात आहेर केवढ्याचा केलतासा?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. निपाणीला तंबाखूच्या एका वखारीत पस्तीस वर्षं दिवाणजी होते. वखारीत नवखा माणूस शिरला की शिंकून बेजार होतो. दाजी बाहेरच्या मोकळ्या हवेत आले की शिंकायचे. सेवानिवृत्त झाले, शिंका थांबल्या, पण रोजकीर्द लिहायचा हात काही थांबेना. मग त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक नवी वही घातली. जमाखर्चाची वही म्हटली की डावीकडं जमा आणि उजवीकडं नावे. दाजींच्या वहीत दोन्ही पानांवर जमाच आहे. 'अंगाचा साबण, नग ४, वाचले रु. २७.' 'गोडेतेल डबा, वाचले रु. ११०.' 'चप्पल (घेतली नाही), वाचले रु. ६४९.' हा शेवटचा प्रकार मला फार आवडतो. दर पाडव्याला बेरीज होते आणि आकडा लाल शाईनं चौकटीत घातला जातो.

अक्कानं एकदा विचारलं होतं, "ते पैसे कुठं आहेत?"

"वाचलेत."

"होय, खरं ठेवलेत कुठं?"

आमच्याकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. त्या दिवशी अक्काच्या तोंडी तो शब्द दोन्ही अर्थांनी बरोबर बसला. दाजींनी उत्तर दिलं नाही. ते आठवडाभर तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

आता ह्या माणसाला घडवण्यात निपाणीचा हात किती आणि तंबाखूचा किती, हे सांगणं कठीण आहे. माझं मत विचाराल तर निपाणीचा जास्त. ज्या गावाच्या शेवटच्या गल्लीतून दुसरं राज्य दिसतं, त्या गावात जन्मलेला माणूस एका दराला समाधानी राहील कसा? निपाणी कर्नाटकात. निपाणीकरांचं देवचंद कॉलेज मात्र अर्जुननगरला, आणि अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. दाजी शिकायला रोज सायकलवरून परराज्यात जायचे आणि जेवायला स्वराज्यात यायचे. अर्जुननगरच्या पत्त्यात 'व्हाया निपाणी' लिहायची रीत आहे. राज्य एक, वाट दुसरी. दाजींच्या आयुष्याचंही तेच.

मोबाईल आले तेव्हा रोमिंगला पैसे पडायचे. दाजींकडं तेव्हापासून दोन सिमं. गच्चीवर गेलं की महाराष्ट्राचा टॉवर लागायचा, मधल्या खोलीत कर्नाटकाचा. दाजी फोन वाजला की आधी कुणाचा आहे ते बघायचे आणि मग जिन्याकडं धावायचे किंवा जिन्यावरनं खाली धावायचे. १ एप्रिल २००७ पासून कर्नाटकात लॉटरी बंद झाली, तेव्हा गावातले शौकीन कागलला जाऊन तिकिटं घेऊ लागले. दाजी त्यांच्याबरोबर जायचे, तिकीट घ्यायचे नाहीत आणि येताना वाचलेल्या पैशांचा आकडा सांगून त्यांना छळायचे. पेट्रोलचं उलटं. ते कर्नाटकात स्वस्त, म्हणून कोल्हापूरकडच्या गाड्या कोगनोळीपर्यंत येऊन टाकी भरून जातात. दाजींना त्या गाड्यांच्या रांगा बघायला आवडतं. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं पेट्रोलवर लिटरला तीन रुपये वाढवले, त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. दाजींची स्कूटर आठवड्यातून दोन लिटर पिते म्हटलं तरी खूप. पण दुःख सहा रुपयांचं नव्हतं. फरक कमी झाला, ह्याचं होतं.

सीमाप्रश्नावर त्यांचं मत विचारायची सोय नाही. मोर्चात ते असतात, घोषणा पोटातून देतात. महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं होतं, हे ते कुणालाही पानावर सुपारी ठेवावी तसं ऐकवतात. एकदा मात्र मोर्चाहून परतताना चहाच्या गाड्यावर हळूच मला म्हणाले, "पाव्हणं, सगळं एकाच राज्यात गेलं तर तुलना कशाशी करायची?" नंतर चहाचे पैसे मीच दिले.

२०२३ हे साल दाजींच्या वहीत सोन्याचं आहे. मार्चमध्ये महाराष्ट्रानं एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं, आणि ११ जूनपासून कर्नाटकानं शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट केला. एका बाईवर दोन राज्यांच्या दोन ऑफरी. दाजींना हे ऐकून भरून आलं. अडचण एवढीच की शक्ती कर्नाटकाच्या हद्दीतच चालते, राज्याबाहेर जाणाऱ्या बसला नाही. आणि एसटीचं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. दुसरा माणूस म्हणाला असता, जाऊ दे. दाजींनी कागद घेतला. निपाणी ते कोगनोळी कर्नाटकाची गाववाली बस, शून्य. तिथं उतरायचं. पुढं हद्द ओलांडून कोल्हापूरची एसटी धरायची, अर्धं. सरळ निपाणी–कोल्हापूर बसपेक्षा एवढे एवढे वाचले.

पहिला प्रयोग अक्कावर झाला. माझ्या भाच्याच्या मुलीचं बारसं होतं कोल्हापुरात. अक्का नेसून-सवरून कोगनोळीच्या फाट्यावर दीड तास उभी होती. हायवेवरची धूळ, एसटी थांबेना, थांबली तर भरलेली. शेवटी तिनं दोन वडे खाल्ले, चहा घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि पाळण्यात नाव घालून झाल्यावर पोचली. वड्या-चहाचा हिशेब वाचलेल्यापेक्षा जास्त होता हे तिनं सांगितल्यावर दाजी म्हणाले, "वडा खाऊ नको म्हणून सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का?"

ऑनलाईनचं वेड लागलं ते त्याच्याही आधीचं. त्याचीही एक तिथी आहे. २०१९ च्या दिवाळीत गुगल पेवर पाच चित्रं गोळा करायचा खेळ आला होता. दिवा, कंदील, फूल, झुमका आणि रांगोळी. पाचही जमली की २५१ रुपये. चार चित्रं सगळ्यांनाच मिळायची, रांगोळी काही मिळायची नाही. त्या पंधरवड्यात दाजींनी आयुष्यात जेवढ्या माणसांना फोन केले नव्हते तेवढ्यांना केले. वखारीच्या जुन्या मालकांना केला, माझ्या चुलत सासूला केला, ज्यांच्याशी बारा वर्षं बोलणं नव्हतं त्या धाकट्या भावाला केला. "कसा हायस? पोरं बरी? रांगोळी हाय का तुझ्याकडं?" भावाला वाटलं, घरात काही कार्य आहे. तो दुसऱ्या दिवशी रांगोळीची पुडी घेऊन दारात हजर. दोघांचं बोलणं तेव्हापासून सुरू झालं ते आजतागायत आहे. २५१ रुपये मात्र मिळाले नाहीत. दाजी भावाला अजूनही अधूनमधून म्हणतात, "तू पुडी आणलास, खरं कामाची न्हवती."

आज त्यांच्या पाकिटात कार्ड एकच आहे, एटीएमचं. बाकीची कार्डं लोकांच्या पाकिटात असतात आणि त्यांचे शेवटचे चार आकडे दाजींच्या डोक्यात. कुठल्या बँकेवर सध्या दहा टक्के सूट, कुणाकडं त्या बँकेचं कार्ड, तो माणूस रात्री किती वाजता झोपतो, त्याची बायको ओटीपी सांगेल का, एवढं सगळं त्यांना तोंडपाठ. पुतण्या पुण्याला हिंजवडीत कंपनीत आहे. त्याच्या कंपनीत दुकानांची गिफ्ट व्हाउचरं दोन-चार टक्के कमी दरानं मिळतात. दाजींना ते कळल्यापासून पुतण्याच्या नोकरीची काळजी त्याच्या बापापेक्षा दाजींना जास्त. फोनमध्ये पत्ते तीन: निपाणीचं घर, अर्जुननगरच्या चुलतभावाचं घर आणि बेळगावात टिळकवाडीतलं माझं. एकाच वस्तूवर तीन पिनकोड घालून कुठं लवकर येते, कुठं 'डिलिव्हरी फ्री' दाखवतंय ते बघायचं. त्यामुळं माझ्या घरी अशा गोष्टी येऊन पडतात ज्या माझ्या नाहीत. सध्या कॉटखाली बारा लिटरचा कुकर आहे.

आणि तरी, ऐका, हा माणूस भाव करत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. त्यांची आई, म्हणजे अक्काच्या सासूबाई, निपाणीच्या बाजारात नाव काढलेली बाई. वांग्याचा वाटा उचलायच्या, परत ठेवायच्या, चार पावलं चालायच्या, मागं वळून बघायच्या नाहीत; विकणारीच हाक मारायची. लहानपणी दाजी पिशवी घेऊन त्या चार पावलांवर उभे असायचे आणि लाजेनं मेल्याहून मेले व्हायचे. म्हाताऱ्या गेल्या, लाज राहिली. आजही कांद्याचा दर ऐकला की दाजी मुकाट्यानं पिशवी पुढं करतात. "मागून घेणं म्हणजे भीक," असं एकदा बोलून गेले, "ऑफर म्हणजे आपला हक्क." मला त्या दिवशी हा माणूस समजला असं वाटलं. दुकानदारानं तोंड बघून दहा रुपये सोडले तर ते त्याचे उपकार. पण मोबाईलवर 'तुम्ही ह्यासाठी पात्र आहात' असं आलं की कुणाचं तोंड बघायला नको.

आता टीव्हीचं.

अक्काचा जुना टीव्ही दोन वर्षं हिरवा दाखवत होता. मालिकेतली सून, सासू, पोलीस सगळे हिरवे. दाजी म्हणायचे, थांब, योग्य वेळ येऊ दे. आणि वेळ आली. सरकारनं जाहीर केलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलणार. बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर. दाजींनी हिरव्या पडद्यासमोर बसून मांडणी केली. ३२,००० चा टीव्ही म्हणजे मूळ २५,००० आणि वर कर ७,०००. आता कर ४,५००. म्हणजे २९,५००. हातही न हलवता अडीच हजार वाचले. त्यात दोन्ही मोठ्या ऑनलाईन कंपन्यांचे सेल २३ तारखेला, आणि मेंबर असलात तर एक दिवस आधी, बावीसच्या मध्यरात्रीच. मेंबर पुतण्या. वर कार्डाची सूट, दहा टक्के, जास्तीत जास्त दीड हजार. बिनव्याजी हप्ते नकोत, हे दाजींनी आधीच ठरवलेलं. व्याजाएवढी रक्कम सुरुवातीला सवलत म्हणून वजा दाखवतात, बँक तेच व्याज हप्त्यात घेते आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व बँकेची फी राहते आपल्या डोक्यावर. हे मला त्यांनी पाटीवर काढून दाखवलं होतं. ह्या बाबतीत दिवाणजीला कुणी फसवू शकत नाही.

टीव्ही आधी हातानं बघायचा म्हणून त्यांनी कोल्हापूरला एका मोठ्या दुकानात तीन फेऱ्या मारल्या. दुकानातल्या पोरीनं तिसऱ्या फेरीला पाणी विचारायचं सोडलं. मॉडेल नंबरचा फोटो काढून आणला आणि ऑनलाईन शोधला तर सापडेना. सगळं तेच, फक्त शेपटीला एक अक्षर वेगळं. बऱ्याच कंपन्या तोच माल दुकानासाठी एका नंबरानं आणि ऑनलाईनसाठी दुसऱ्या नंबरानं काढतात, म्हणजे गिऱ्हाइकानं 'तिथं एवढ्याला आहे' असं म्हणायची सोय राहत नाही. दाजींना ह्या चलाखीचा राग आला नाही. उलट, जुना पहिलवान नवा डाव बघून मान डोलावतो तशी त्यांनी मान डोलावली.

एकवीस सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या. मी जेवायला निपाणीलाच होतो आणि वडे-खीर अंगावर आल्यामुळं मुक्कामाला राहिलो. रात्री साडेअकराला दाजींनी हातपाय धुतले, पाट घेतला, फोन चार्जिंगला लावला आणि समोर वही ठेवून बसले. पुतण्याला फोन झाला, "जागा राहा, ओटीपी येईल." बाराला पाच कमी असताना अक्का आतून आली.

"काय करतासा?"

"टीव्ही."

"अमावास्येला?"

"बारा वाजले की संपली."

अक्कानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. अमावास्या रात्री सव्वा वाजून गेल्यावर संपत होती. "पितरांच्या दिवसात घरात नवं काही आणलेलं मी बघितलं न्हाई. एक वाजून पंचवीस मिनिटं होऊ देत, मग काय घालायचा तो गोंधळ घाला."

बारा वाजले. पडद्यावर टीव्ही आला, २९,५०० ला, खाली कार्डाची सूट, आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत 'थोडेच शिल्लक'. दाजींनी तो टोपलीत टाकला. टोपलीत टाकला म्हणजे आपला झाला, असं मला वाटलं होतं. तसं नसतं, टोपली सगळ्यांचीच असते. दाजींना ते माहीत होतं. पुढचा दीड तास तो माणूस कसा बसला होता ते मी बघितलंय. एक डोळा घड्याळावर, एक लाल अक्षरांवर. साडेबाराला 'फक्त ४ शिल्लक'. एकला 'फक्त १'. एकदा त्यांचा अंगठा पुढं गेला. माजघरातून बांगड्या वाजल्या. अंगठा मागं आला.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी अंगठा पडला. अजून एक शिल्लक होता! पुण्याला ओटीपी गेला. पुण्याला पुतण्या झोपला होता. सातव्या रिंगला उठला आणि झोपेतच आकडे सांगितले. चुकीचे. ते त्याच्या जेवणाच्या ऑर्डरीचे होते. खरे आकडे मिळेपर्यंत पडद्यावर चार शब्द उमटले होते. दाजींनी ते मोठ्यानं वाचले नाहीत. वही मिटली, पाट भिंतीला लावला आणि म्हणाले, "पाव्हणं, पितर जेवले, आपण उपाशी."

दहा दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. खंडेनवमीच्या सकाळी अक्काला घेऊन बेळगावला माझ्याकडं आले. "गणपत गल्लीत जाऊन येऊ. नुसतं बघू."

नुसतं बघू म्हणजे काय ते मी ओळखतो. पिशवीत मोजायची टेप होती.

दुकान जुनं. गल्ल्यावर सावकार बसलेले. साठीचे, कन्नड घरातले, मराठी अस्सल बेळगावी. पूजा नुकतीच झालेली. वजनकाट्याला, बिलाच्या मशीनला, स्क्रू-ड्रायव्हरला, सगळ्याला हळदीकुंकू. कार्ड घासायच्या मशीनला झेंडूचा छोटा हार. दाजी एका त्रेचाळीस इंची टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले.

"हा कसा?"

"साडेएकोणतीस."

"ह्याच्यावर काय हाय?"

"वर काय असतंय? टीव्ही आहे की ओ."

"तसं न्हवं. ऑफर."

सावकारांनी एकदा अक्काकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. सणाचा दिवस, बोहनी व्हायची होती. "बसा की. पाचशे कमी करून सोडतो. एकोणतीसला घेऊन जावा."

"कमी नको."

सावकारांच्या हातातला पेन थांबला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हे वाक्य त्यांनी ऐकलं नसावं. "कमी नको?"

"कमी नको. ऑफर सांगा."

मला वाटलं, आता हे आम्हाला बाहेर काढणार. पण पेढीवर बसलेल्या माणसाला मी कमी लेखलं होतं. त्यांनी क्षणभर दाजींचा चेहरा नीट वाचला. मग पोराला हाक मारली, खोक्याचा पुठ्ठा फाडून मागितला, जाड मार्कर घेतला आणि सावकाश लिहू लागले. वर ३३,५००. त्यावर आडवी रेघ. खाली ३१,०००. त्यावरही रेघ. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत 'दसरा ऑफर २९,५००', भोवती चौकट. एवढ्यावर थांबले नाहीत. बिलबुकातली एक पावती फाडली, तिच्या मागं '५०० रु. कूपन' लिहिलं, शिक्का मारला, सही केली आणि दोन्ही हातांनी दाजींच्या हातात दिलं.

"आजच्या दिवसापुरतं आहे. कुणाला सांगू नका."

दाजींचा चेहरा असा फुलला की गल्लीतल्या झेंडूनं लाजावं. "मग आधी का न्हाई सांगितलासा?"

एकोणतीसचे एकोणतीसच. मी तोंड उघडणार होतो. अक्कानं माझा हात दाबला.

"आणि कूपनबरोबर कार्डाची सूट चालते?" दाजींनी दबक्या आवाजात विचारलं.

सावकार आता पूर्ण तयार झाले होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, छताकडं बघितलं. "नियमात बसत नाही. खरं तुम्ही जुनं गिऱ्हाईक. करून सोडतो." दाजी त्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदा आले होते.

सूट असलेल्या बँकेचं कार्ड माझ्या पाकिटात निघालं. निघणारच, ते आहे म्हणून तर मी पाव्हणा. हार बाजूला करून मशीनवर घासलं, दीड हजार गेले, साडेसत्तावीसला टीव्ही पडला. बिल अक्काच्या नावावर केलं, कारण तिच्या मोबाईल नंबरावर पॉईंट चढतात असं सावकारांनी सांगितलं. कसले पॉईंट, ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. दाजींनी पैसे मला तिथल्या तिथं रोख मोजून दिले. उसनं ठेवणारा माणूस नव्हे. "कार्डाचे पॉईंट तुमचे," म्हणाले, आणि थोडं थांबून, "खरं दिवाळीला त्याचं काय येतंय ते बघू."

घरपोच गावातल्या गावात फुकट होतं. निपाणी म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, टेम्पोवाला आठशे म्हणाला. दाजी हसले. मी माझ्या घरी ठेवा म्हटलं; कॉटखालचा कुकर आठवून अक्काच नको म्हणाली. शेवटी रिक्षातून खोकं उभं धरून आम्ही बसस्टँडवर आलो.

बसला आयुधपूजेची सजावट. पुढच्या काचेला झेंडूचे हार, दाराला केळीचे खुंट, चाकाखाली फुटलेल्या लिंबाच्या फोडी. दाजींनी खिडकीकडची जागा धरून खोकं सीटवर उभं ठेवलं, शेजारी अक्काला बसवलं आणि स्वतः तिसऱ्या जागी टेकले. मी खाली खिडकीपाशी उभा. कंडक्टर आला. अक्काचं आधार कार्ड बघितलं, शून्य रुपयांचं तिकीट फाडलं. दाजींना साठीच्या वरचे म्हणून पंचवीस टक्के वजा जाऊन तिकीट फाडलं. मग त्यानं खोक्यावर पेनानं टकटक केलं.

"इदु यारदु?"

"हिचं," दाजी म्हणाले.

"लगेज आगतैत्री."

दाजींनी खिशातून बिल काढलं, उलगडलं, आणि बाजारातलं कन्नड व घरातलं मराठी एकत्र करून त्याला समजावलं की टीव्ही ह्या बाईंच्या नावावर आहे. नाव बघा. पत्ता बघा, निपाणी, कर्नाटक. आधारवरचं आणि बिलावरचं नाव एकच. बाईला शून्य, तर बाईच्या वस्तूला पैसे कसे?

कंडक्टरनं बिल खरोखर वाचलं. मग खोक्याकडं वाकून बघितलं, जणू आत कोण बसलंय. "टीव्ही हेंगसेन्री?"

टीव्ही बाई आहे काय हो! आख्खी बस हसली. मागच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावले. अक्का खिडकीतून माझ्याकडं बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हसण्याचं की कशाचं ते मला उन्हात कळलं नाही. हसले नाहीत फक्त दाजी. त्यांनी डोळे मिटले होते आणि नाकाचा शेंडा चिमटीत धरला होता.

ड्रायव्हरनं बस चालू केली. धूर माझ्या तोंडावर आला आणि त्या धुरातून मला दाजींचा आवाज ऐकू आला, अगदी शांत, वखारीत मापाडी चुकला की ते ज्या आवाजात बोलायचे तसा.

"बिलावर तारीख बघा. आजची हाय. सहा वर्षांच्या आतल्याला तिकीट न्हाई न्हवं?"

बस वळली तेव्हा कंडक्टर बिलाचा कागद उजेडाला धरून तारीख बघत होता.